मॉक ड्रिलला त्यांना 'घरीच थांबा' सांगितलं, आता तोंड कसं दाखवू?

प्रश्न: ताई, मी २६ वर्षांचा आहे, सोसायटीच्या कमिटीत सगळ्यात लहान म्हणून धावपळीची सगळी कामं माझ्याकडे येतात. सहा मजली बिल्डिंग आहे. मागच्या महिन्यात आम्ही आग आणि भूकंप अशी मॉक ड्रिल ठेवली. पाचव्या मजल्यावर व्हीलचेअर वापरणाऱ्या एक काकू आहेत, दुसऱ्यावर एक जोडपं आहे त्या दोघांनाही ऐकू येत नाही, चौथ्यावर रिटायर्ड सर आहेत ते पूर्ण अंध आहेत आणि तिसऱ्यावर एक १९ वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा. या चार घरांना मीच मेसेज केला की तुम्ही त्रास घेऊ नका, घरीच थांबा. ड्रिल मस्त झाली, ११ मिनिटांत बिल्डिंग रिकामी. दोन दिवसांनी काकू लिफ्टपाशी भेटल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे खरी आग लागली तरी मी घरीच थांबायचं ना?" मला काही बोलताच आलं नाही. कमिटीत विषय काढला तर कुणी म्हणालं खरं काही झालं तर फायर ब्रिगेड येईलच, कुणी म्हणालं ड्रिलमधे त्या पडल्या बिडल्या तर जबाबदारी कुणाची, आणि चार घरांसाठी एवढं कशाला. मला काहीतरी करायचंय पण सुरुवात कुठून करू कळत नाहीये. आणि खरं सांगायचं तर काकूंसमोर जायला लाज वाटतेय.

उत्तर: तुला तू म्हणतेय, चालेल ना.

आधी एक सांगते, काकू तुझ्यावर रागावलेल्या नाहीत, त्या घाबरलेल्या आहेत. तुमच्या मेसेजमुळे त्यांना पहिल्यांदा स्पष्ट कळलं की बिल्डिंग रिकामी करायच्या प्लॅनमधे आपण नाहीच. ही भीती मला माहितीये. मला स्वतःला कमी ऐकू येतं, दोन्ही कानांना मशीन आहे आणि रात्री झोपताना ते काढून डबीत ठेवते. काही वर्षांपूर्वी आम्ही राहायचो त्या बिल्डिंगमधे रात्री खाली मीटर जळाले, अलार्म वाजला, लोकांनी एकमेकांची दारं वाजवली, सगळे खाली जाऊन उभे राहिले आणि मी आपली गाढ झोपलेली. सकाळी दार उघडलं तर जिन्यात काजळी आणि जळका वास. शेजारीण रडायलाच लागली, म्हणाली अगं आम्ही किती दार वाजवलं, मग वाटलं तू घरी नसशील. ती चांगलीच बाई होती, आजही आहे. पण माझं दार वाजवून उपयोग नाही हे तिला माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. म्हणून सांगते, तुझा मेसेज चांगल्या मनानेच गेला होता यावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण 'त्रास नको' म्हणून ड्रिलमधून बाहेर ठेवणं हेच यातलं सगळ्यात धोक्याचं आहे. काकूंना पाच मजले खाली कसं आणायचं हे कुणी एकदाही करून बघितलेलं नसेल तर पहिला प्रयत्न खऱ्या धुरात होणार, अंधारात, घाबरलेल्या माणसांकडून. चुका करायची जागा ड्रिल आहे ना. आणि तुमची ११ मिनिटं खरी नाहीत रे, ती चार घरं वगळून आलेली आहेत.

तुला एक खरी गोष्ट सांगते, कमिटीतही सांग. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधे ६९व्या मजल्यावर व्हीलचेअर वापरणारा एक माणूस काम करायचा. १९९३ मधे तिथे बाँबस्फोट झाला तेव्हा त्याला खाली आणायला कितीतरी तास लागले होते, सहकाऱ्यांनी कसंबसं उचलून आणलं. त्या अनुभवानंतर तिथे जिन्यावरून घसरत नेता येतात तशा खास खुर्च्या घेऊन ठेवल्या. २००१ मधे हल्ला झाला तेव्हा त्याच्या दहा सहकाऱ्यांनी त्याला त्या खुर्चीत बसवलं आणि आळीपाळीने धरत ६९ मजले साधारण दीड तासात खाली आणलं, इमारत कोसळायच्या आधी. त्याच इमारतीत ७८व्या मजल्यावर एक अंध गृहस्थ होते, ते आपल्या गाईड डॉगबरोबर चालत उतरले, आणि त्यांनी कामाला लागल्यापासून बाहेर पडायचे रस्ते स्वतः फिरून पाठ केलेले होते. म्हणजे दोघांच्याही बाबतीत कामाला आली ती आधीची तयारी.

'फायर ब्रिगेड येईलच' याचं काय? येतील, नक्की येतील. पण ते पोचेपर्यंतची मिनिटं तुमची असतात, आणि आल्यावर त्यांना कोण कुठल्या मजल्यावर आहे हे सांगणारं कुणी हवं ना. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला २०१७ मधे आग लागली, ७२ माणसं गेली. तिथे ३७ अपंग रहिवासी होते त्यातले १५ गेले. त्यांना बाहेर कसं काढायचं याचा माणसागणिक प्लॅनच नव्हता, आणि नंतरच्या चौकशीत तशी शिफारस करावी लागली की ज्यांना स्वतःहून उतरणं अवघड आहे त्या प्रत्येकासाठी वेगळा प्लॅन हवा. कुणाला घाबरवायला सांगत नाहीये. पण कमिटीत कुणाला जबाबदारीची काळजी वाटतेय ना, तर न केलेल्या ड्रिलची जबाबदारी जास्त मोठी आहे हे त्यांना शांतपणे सांग. आणि पडायची भीती असेल तर पहिल्यांदा पाच मजले उतरवूच नका, अर्धा जिना करा, आधी रिकामी खुर्ची घेऊन करा, मग तुमच्यातलाच एखादा तरुण बसवा, आणि काकूंचा भरवसा बसला, त्या हो म्हणाल्या की मग त्या.

आता सुरुवात. उद्याच काकूंकडे जा, एकटा जा, कमिटीचा लवाजमा नको. माझं चुकलं एवढं सरळ म्हण आणि पुढे लगेच विचार, की तुम्हाला खाली आणायचं तर कसं आणायचं ते तुम्ही मला शिकवाल का. त्यांना काय आजार आहे, कधीपासून आहे हे विचारायची काही गरज नाही, तो तुझा विषयच नाही. विचारायचं ते हे की लिफ्ट बंद असते तेव्हा तुम्ही काय करता, तुम्हाला खुर्चीसकट उचललेलं चालतं की खुर्चीतून बाहेर काढून, कुठे धरलं तर दुखतं, बरोबर काय काय आलंच पाहिजे. व्हीलचेअरचे हात किंवा पाय ठेवायच्या पट्ट्या बऱ्याचदा सुट्या होतात, तिथे धरून उचललं तर हातात पट्टी आणि माणूस खाली, असं होऊ शकतं, त्यामुळे कुठे धरायचं हे वापरणाऱ्यालाच माहीत. बॅटरीवरची खुर्ची असेल तर ती माणसासकट उचलायचा विचारच करू नका, नुसती खुर्चीच शंभर किलोच्या वर असू शकते. अशा वेळी काकूंना वेगळं आणावं लागेल आणि खाली दुसरी साधी खुर्ची तयार लागेल. आणि खुर्चीवरची गादी विसरू नका, ती साधी उशी नसते, बऱ्याच जणांना तिच्याशिवाय काही तास बसलं तरी जखमा होतात आणि त्या महिनोन्‌महिने भरत नाहीत. जिन्यावरून न्यायची खुर्ची सोसायटीने घ्यावी असं मला मनापासून वाटतं, पण ती कपाटात ठेवून काही होत नाही, निदान पाच सहा जणांना ती हाताळता आली पाहिजे. जवळच्या फायर स्टेशनला भेटून हेही विचारून घ्या की उतरवणं शक्यच झालं नाही तर काकूंनी कुठे थांबायचं, कुठला जिना, कुठलं दार बंद ठेवायचं. ते ठिकाण त्यांच्याकडूनच ठरवून घ्या, तुम्ही अंदाजाने ठरवू नका.

भूकंपाचं वेगळं आहे. हलत असताना कुणीच पळायचं नाही, बाकीचे टेबलाखाली जाऊन टेबलाचा पाय धरून बसतात तसं खुर्चीतल्या माणसाने ब्रेक लावायचे, पुढे वाकायचं आणि डोकं मान हातांनी किंवा उशीने झाकायची. हे काकूंना कुणी सांगितलंय का बघ. आणि त्यांच्या पलंगाशेजारी उंच कपाट असेल तर ते भिंतीला पक्कं करून द्या, तासाभराचं काम आहे.

दुसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याचं मी हक्काने सांगते. तुमचा भोंगा त्यांच्यासाठी नाहीच आहे असं समज. त्यांना उजेड लागतो किंवा हादरा लागतो, म्हणजे चमकणारा दिवा जोडलेला अलार्म, उशीखाली ठेवायचं थरथरणारं यंत्र, आणि रात्री त्यांच्या घरात शिरायची काहीतरी ठरवलेली सोय, किल्ली शेजाऱ्याकडे ठेवायची का, तर ते त्यांनीच ठरवायचं. अंधारात त्यांच्याशी बोलताना टॉर्च त्यांच्या डोळ्यावर मारू नको, स्वतःच्या चेहऱ्यावर धर म्हणजे ओठ आणि हात दिसतील. ओरडून उपयोग नाही, ओरडताना तोंड वेडंवाकडं होतं आणि उलट काहीच कळत नाही. आठ दहा खुणा त्यांच्याकडूनच शिकून घ्या सगळ्यांनी, आग, बाहेर, थांब, जिना, दुखतंय का, पाणी, एवढ्या आल्या तरी खूप. आणि तुमचा व्हॉट्सॲप ग्रुप! त्यावर घाईच्या वेळी सगळे व्हॉइस नोट टाकतात, त्या या दोघांच्या काही कामाच्या नाहीत. आणि कुणीतरी नोटीसचा फोटो टाकतं, तो चौथ्या मजल्यावरच्या सरांच्या फोनला नीट वाचता येईलच असं नाही. त्यामुळे नियमच करा की इमर्जन्सीचा मेसेज टाइप करूनच टाकायचा, छोट्या वाक्यात. याला एक रुपया लागत नाही आणि दोन्ही घरं एकदम आत येतात.

सरांना जिना आपल्यापेक्षा चांगला माहीत असणार, रोज उतरतात ते. अडचण येते ती नेहमीची वाट बदलली की, म्हणजे भूकंपात प्लास्टर पडलं, कुणाची सायकल आडवी झाली, काचा पसरल्या. त्यांचा दंड धरून ओढायचं नाही हं, त्यांना आपलं कोपर धरू द्यायचं आणि अर्धं पाऊल पुढे चालायचं, आणि बोलायचं ते नेमकं, 'इकडे या, तिकडे जपून' असं नको, 'आता तीन पायऱ्या खाली, मग उजवीकडे वळण' असं. जास्तीची पांढरी काठी दाराशी ठेवायला सांग. जिन्यातल्या सायकली आणि कुंड्या तर आजच हलवा, त्याला कुणाचं अंधत्व कशाला हवंय. आणि सरांना नुसतं वाचवायच्या यादीत टाकू नका. लाइट गेल्यावर पूर्ण अंधारात न चाचपडता खाली जाणारा तुमच्या बिल्डिंगमधला माणूस बहुतेक तेच असतील, त्यांना विचार की वरच्या मजल्यावरच्यांना तुम्ही उतरवाल का. तसंच काकू फोनवर सगळ्यांची हजेरी घेऊ शकतात, कोण उतरलं कोण राहिलं, हे काम शांत डोक्याच्या माणसाचं आहे आणि तुला लिफ्टपाशी त्यांनी जे विचारलं त्यावरून त्यांचं डोकं शांत आहे असं मला वाटतं. बांगलादेशात गायबांधा जिल्ह्यात दरवर्षी पूर येतो, तिथे अपंग माणसं स्वतः गावपातळीच्या आपत्ती समित्यांवर बसली, घरोघरी जाऊन इशारे द्यायला लागली, आणि व्हीलचेअर चढेल अशी बचाव बोट कशी हवी हेही त्यांना विचारून ठरलं.

त्या १९ वर्षांच्या मुलाबद्दल कमिटीत सगळ्यात जास्त भीती असेल असा माझा अंदाज आहे, की हा घाबरेल, ओरडेल, आवरणार नाही. म्हणून त्याला सगळ्यात जास्त वेळा ड्रिल लागणार. जपानमधे होक्काइदो बेटावर उराकावा नावाचं समुद्राकाठचं गाव आहे, तिथे स्किझोफ्रेनियासारखे मानसिक आजार असलेल्या लोकांची बेथेल नावाची संस्था आहे. त्सुनामीची भीती सगळ्यांनाच, पण या लोकांना नुसतं 'लवकर वर पळा' म्हटलं की आणखी गोंधळ व्हायचा. मग त्यांनी ते मोजून सोपं केलं, चार मिनिटांत दहा मीटर उंचीवर पोचायचं, एवढंच. चित्रं आणि आवाज असलेलं माहितीचं साहित्य त्यांनी त्यांच्याच गावाच्या फोटोंवरून तयार केलं, आणि ते परत परत चालून बघितलं, उन्हाळ्यात, बर्फातही. २०११ ची त्सुनामी आली तेव्हा ते सगळे ठरलेल्या जागी सुखरूप पोचले. तर तुझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलासाठी तुमच्याच जिन्याचे, तुमच्याच गेटचे फोटो काढ, क्रमाने लाव, त्याच्या आईवडिलांबरोबर बसून बघ. भोंगा आधी मोबाइलवर हळू आवाजात ऐकवा, मग थोडा मोठा. कानावर लावायचे आवाज बंद करणारे हेडफोन दाराशी टांगून ठेवा. त्याला हात लावलेला चालतो का, कुणाचा चालतो, हे आईला विचार. पहिली ड्रिल फक्त त्याची आणि घरच्यांची, गर्दी नसताना. आवडलं तर तो पुढच्या ड्रिलला सगळ्यांच्या आधी गेटवर उभा असेल, नाही आवडलं तर अजून छोटे टप्पे करायचे, काही बिघडत नाही.

प्रत्येक घराला मदतीला एक माणूस ठरवलात तर तो नेमका त्या दिवशी ऑफिसला असणार, त्यामुळे निदान तिघं ठरवा, त्यातला एकजण दिवसा घरी असणारा हवा, आणि ते तिघं कोण हे त्या घराने निवडायचं. कुणाला कुणाच्या हाताने उचललं जायचंय हा फार खासगी प्रश्न आहे, विशेषतः बायकांसाठी.

यादी करशील ती ग्रुपवर टाकू नको, प्लीज. कुठल्या फ्लॅटमधे कोण एकटं असतं, कुणाला दार वाजवलेलं ऐकू येत नाही, ही माहिती चुकीच्या हातात गेली तर काय होईल विचार कर. पण कुलपातही नको. जपानमधे २०११ ला काही ठिकाणी असंच झालं होतं, याद्या होत्या पण गोपनीयतेच्या धास्तीने मदत करणाऱ्यांपर्यंत वेळेत पोचल्याच नाहीत, मग २०१३ मधे कायदा बदलून महानगरपालिका आणि गावांना अशा याद्या करणं सक्तीचं केलं आणि आपत्तीच्या वेळी त्या देता येतील अशी सोय केली. २०२१ मधे पुढे जाऊन माणसागणिक प्लॅन करायलाही सांगितलं. तुमच्याकडे एक प्रत वॉचमनच्या केबिनमधे बंद पाकिटात आणि एक सेक्रेटरीकडे, त्या घरांची परवानगी घेऊन, आणि दर सहा महिन्यांनी विचारून दुरुस्त केलेली, असं करता येईल.

पिशवीचं पटकन सांगते. रोजच्या गोळ्या निदान आठवडाभराच्या, त्यातही फिट्सच्या गोळ्या एकदम बंद झाल्या तर जिवावर बेतू शकतं, प्रिस्क्रिप्शनची प्रत, कानाच्या मशीनच्या बॅटऱ्या, पॉवरबँक, कॅथेटर किंवा पॅड लागत असतील तर ते, शिट्टी, आणि एका कार्डावर 'माझ्याशी असं बोला, मला असं धरा' हे मोठ्या अक्षरात. घरात ऑक्सिजनचं किंवा श्वासाचं यंत्र असेल तर लाइट गेल्यावर ते किती तास चालतं हे आजच मोजून ठेवायचं आणि वीज कंपनीला आधी कळवायचं. आणि बिल्डिंग सोडून तात्पुरतं जिथे राहायला जायचं ठरलंय ती जागा काकूंबरोबर जाऊन बघ, नुसता रॅम्प नको, टॉयलेटच्या दारातून खुर्ची आत जाते का ते बघ. जात नसेल तर माणसं पाणी पिणं बंद करतात रे, टॉयलेटला जायला लागू नये म्हणून.

'चार घरांसाठी' म्हणणाऱ्यांना जगाचा आकडा सांग, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने जगात १३० कोटी माणसं लक्षणीय अपंगत्व घेऊन जगतात, सहात एक. तुमच्या सहा मजल्यांत चारच घरं निघाली याचा अर्थ बाकीच्यांनी सांगितलेलं नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, सातवा महिना असलेली, रात्री मशीन काढून झोपणारे आजोबा, हे सगळे मोजा. आणि आपलाच आळस आहे असंही समजू नका, संयुक्त राष्ट्रांच्या आपत्ती विषयक कार्यालयाने २०२३ मधे जगभरातल्या अपंग व्यक्तींना विचारलं तेव्हा ८४ टक्के म्हणाले की आमचा स्वतःचा असा काही तयारीचा प्लॅन नाही. त्याच्या आधी २०१३ च्या पाहणीत तर फक्त २० टक्के म्हणाले होते की अचानक काही झालं तर आम्ही विनाअडचण लगेच बाहेर पडू शकू.

पुढची ड्रिल ठेवाल तेव्हा वेळ मोजा, पण शेवटचा माणूस गेटबाहेर आला की घड्याळ थांबवा. २५ मिनिटं लागली तर लागू देत, तोच तुमचा खरा आकडा. तिसऱ्या ड्रिलला किती झाला ते मला नक्की कळव, मी वाट बघतेय.

आणि हो, या सगळ्यासाठी मीटिंग बोलावशील ना, ती गच्चीवर नको. लिफ्ट सहाव्यापर्यंतच जाते आणि वर एक जिना असतो बहुतेक बिल्डिंगमधे. खाली पार्किंगमधे घे, उजेड असेल अशा जागी, आणि त्या जोडप्याला आधी विचार की खुणांची भाषा येणारं कुणी तुमच्या ओळखीचं येऊ शकेल का, त्यांना जमेल तीच तारीख ठरव.